चाहत्यांची यादी केराच्या टोपलीत टाकण्याआधी

'द एल्डर स्क्रोल्स'चा सहावा भाग येणार, हे बेथेस्डानं २०१८च्या जूनमध्ये जाहीर केलं. डोंगर, किनारा आणि वर उमटलेलं नाव, एवढीच ती झलक होती. तेव्हापासून चाहते मागण्या करताहेत. याच मालिकेतल्या 'मॉरोविंड'मधलं हवेत तरंगणं परत आणा, 'ऑब्लिव्हियन'मधली स्वतःचे मंत्र घडवायची सोय परत आणा, कंपासवरचा बाण हटवा, गिल्डमध्ये वर चढायला अंगात काही असावं लागू द्या. आणि तेव्हापासूनच या मागण्यांना एक ठरलेलं उत्तरही दिलं जातंय. हे सगळं स्मरणरंजन आहे, असं ते उत्तर. या लोकांना जुना खेळ नको आहे, त्यांना स्वतःचं सोळावं वर्ष परत हवंय. जे काढलं ते विचार करूनच काढलं. आणि ते काढल्यावरच पाचव्या भागाच्या, म्हणजे 'स्कायरिम'च्या, ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या, मग चाहत्यांचं ऐकायचं कशासाठी?

हे उत्तर मला मान्य नाही. ते चुकीचं आहेच, शिवाय ते ऐटीत दिलं जातं याचाही मला राग आहे. मागणी नीट न वाचता मागणाऱ्याच्या वयाकडे बोट दाखवणं हा प्रतिवाद होत नाही.

आधी स्मरणरंजनाचंच बघू. जुन्याच्या प्रेमात आंधळा झालेला माणूस निवड करत नाही, त्याला सगळंच हवं असतं. या चाहत्यांना सगळं हवंय का? २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये समोरच्या खेकड्यावर खंजीर चालवला, पातं त्याच्या आरपार गेलेलं डोळ्यांनी दिसलं, तरी आतल्या आत फासे पडायचे आणि वार हुकायचा. ती पद्धत परत आणा म्हणणारे अगदी थोडे. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये तुमची लेव्हल वाढेल तसं अवघं जग वाढायचं. शेवटी रस्त्यावरचा फाटका लुटारू ग्लास आर्मर घालून उभा राहायचा आणि तुमच्याकडे किरकोळ रक्कम मागायचा. ते परत आणा असं कोणी म्हणत नाही. त्याच खेळात लेव्हल चढताना पूर्ण बोनस मिळावा म्हणून कौशल्यांचा हिशेब ठेवावा लागायचा, काहीजण तर कागदावर ठेवायचे. तेही कोणाला नको आहे. 'मॉरोविंड'मध्ये डोक्यावर घिरट्या घालत पिच्छा पुरवणारे क्लिफ रेसर तर शिव्याच खातात. म्हणजे या लोकांनी चाळणी लावली आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या आठवणीतून काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ते नेमकेपणानं सांगतात. याला आवड म्हणा, पारख म्हणा, आंधळेपणा म्हणू नका.

आणि चाळणीत जे उरतं त्यात एक समान धागा आहे. ज्या गोष्टींमुळे खेळाडूच्या समजुतीला आणि निर्णयाला त्या जगात किंमत मिळायची, त्याच गोष्टी परत मागितल्या जातात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि ते एकेक मागणी घेऊन सिद्ध करता येतं.

सुरुवात सगळ्यात जास्त हिणवल्या जाणाऱ्या मागणीपासून करते: बाण नको, वाट सांगा.

'मॉरोविंड'च्या सुरुवातीला बालमोरा गावात कायस कोसाडेस तुम्हाला हॅसफॅट अँटाबोलिसकडे पाठवतो. हॅसफॅटला आर्कन्गथँड नावाच्या ड्वेमर अवशेषांतली एक कोड्याची पेटी हवी असते. तिकडे कसं जायचं ते तुम्हाला शब्दांत कळतं. गावाबाहेर पडा, फोर्ट मूनमॉथ ओलांडा, लाव्हानं कोरलेल्या घळीवर एक जुना ड्वेमर पूल लागेल, त्यावरून पलीकडे जा आणि वर चढा. तुम्ही निघता. किल्ला दिसतो, म्हणजे बरोबर चाललोय. पूल दिसत नाही, म्हणजे चुकलो. मागे येता, घळीच्या कडेकडेनं बघता, आणि करड्या राखेच्या धुळीत तो पूल दिसतो तेव्हा तो तुम्ही शोधलेला असतो. पलीकडे गेल्यावर दार काही हातानं उघडत नाही. आजूबाजूला पाहिलं तर एका पाइपवर फिरवायची कळ सापडते. आत शिरल्यावर ती पेटी एवढीशी असते की फळ्या आणि कोपरे बघत हिंडावं लागतं. कितीतरी खेळाडूंनी त्या पेटीपायी डोकं धरलंय, आणि कित्येकांना आज त्या अवशेषांची रचना तोंडपाठ आहे.

आता 'स्कायरिम'मधलं असं एखादं ठिकाण आठवून बघा. नाव आठवेल, आतला ड्रॅगर आठवेल, पण तिथे पोचलात कसे? बाणाकडे बघत. मधला डोंगर हा अडथळा होता आणि तुम्ही घोडा दामटत त्याच्यावरून नेलात. इतक्या मेहनतीनं, इतक्या प्रेमानं रचलेला तो प्रदेश, आणि नजर पडद्याच्या वरच्या पट्टीवर.

यावर लगेच म्हटलं जातं, 'मग बाण बंद करा ना, कोण जबरदस्ती करतंय?' ज्यांनी खरोखर बंद करून पाहिला ते असं म्हणत नाहीत. 'स्कायरिम'मध्ये बाण बंद केला की बहुतेक कामं करताच येत नाहीत, कारण काम देणारा माणूस वाट सांगतच नाही. तो जागेचं नाव घेतो आणि गप्प बसतो. संवाद लिहिणाऱ्यानं बाण गृहीत धरूनच लिहिलंय. म्हणजे बाण ही वरून दिलेली सवलत नाही, सगळं लेखन त्याच्यावर टेकलेलं आहे. चाहते 'बाण काढा' म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर 'वाट लिहा' असं म्हणायचं असतं. वाट लिहा आणि मग ज्याला हवा त्याच्यासाठी बाणही ठेवा, कोणाची हरकत नाही.

'ऑब्लिव्हियन'पासून प्रत्येक संवाद आवाजात रेकॉर्ड होतो, त्यामुळे लांबलचक वाटा बोलवून घेणं महाग पडतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. पण वाट तोंडानंच सांगावी असं कुठे आहे? ती चिठ्ठीत लिहिता येते, डायरीत उतरवता येते, नकाशाच्या चिटोऱ्यावर काढता येते. 'स्कायरिम'च्या रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या आहेत, खेळात शेकड्यांनी पुस्तकं आहेत, ती कोणी बोलून दाखवलेली नाहीत. 'मॉरोविंड'मधल्या काही वाटा चुकीच्या होत्या, पूर्वेऐवजी पश्चिम लिहिलेली, हेही खरं. चूक सुधारायची असते, तिच्यासाठी पद्धतच मोडीत काढायची नसते.

आणि 'आजकाल एवढं वाचतो कोण' हा प्रश्न तर विचारूच नका. मराठी शाळेतून आलेल्या, इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या मुलांनी शब्दकोश शेजारी ठेवून 'मॉरोविंड' खेळलाय. मी त्यांतलीच एक. आम्हाला वाचायला कोणी लावलं नव्हतं. वाचलं नाही तर वाट सापडत नव्हती, म्हणून वाचलं.

दुसरी मागणी मंत्रांची, आणि ती माझ्या सर्वांत जवळची आहे. 'मॉरोविंड' आणि 'ऑब्लिव्हियन' दोन्हींत तुम्हाला ठाऊक असलेले परिणाम घेऊन स्वतःचा मंत्र बनवता यायचा. परिणाम कोणता, किती जोराचा, किती सेकंद, किती परिघात, स्वतःवर की स्पर्शानं की लांबून. जितकं जास्त मागाल तितका मॅजिका जास्त खर्च होणार. मंत्राला नावही तुम्हीच द्यायचं.

ऐकायला हा हिशेब कोरडा वाटतो. २०११मध्ये 'स्कायरिम'मधून ही सोय काढली तेव्हा बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांचा युक्तिवाद साधारण असाच होता, की त्यामुळे जादूची स्प्रेडशीट होते आणि जादूतली जादू जाते. 'मॉरोविंड'चं नेतृत्वही त्यांनीच केलं होतं, तेव्हा हे मत अडाण्याचं नाही. पण प्रत्यक्षात काय होत होतं ते जवळून पाहा.

'मॉरोविंड'मध्ये कोणाशी बोलायला लागलात की बाहेरचा काळ थांबतो. एखाद्या दिवशी खेळाडूच्या लक्षात येतं, की मग समोरच्याला भुलवणारा मंत्र दोन-तीन मिनिटांचा कशाला हवा? एक-दोन सेकंदांचा पुरे. मंत्र टाकायचा आणि ताबडतोब बोलणं सुरू करायचं. मुदत जवळपास शून्य, त्यामुळे उरलेलं सगळं बळ परिणामात ओतता येतं, आणि खवट दुकानदारही मऊ होतो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये असाच शोध आरोग्य शोषणाऱ्या मंत्राचा. हा परिणाम तात्पुरता, मुदत संपली की शोषलेलं आरोग्य परत मिळतं, म्हणून स्वस्त. पण १०० आरोग्य एका सेकंदासाठी शोषलं आणि समोरच्याकडे तेवढं शिल्लकच नसेल तर? तो त्या एका सेकंदात मरतो, मेलेल्याला काही परत मिळत नाही. आणखी एक: आगीपुढे दुबळं करणारा परिणाम आधी आणि आग मागून, अशी साखळी.

हे कोणी शिकवत नाही. हे खेळाडू स्वतः शोधतो, आणि शोधल्यावर त्याला नेमकं तेच वाटतं जे त्या जगातल्या मांत्रिकाला वाटायला हवं: नियम मला कळला, आता तो माझ्या हातात आहे. जादूतली जादू म्हणजे याहून वेगळं काय असतं? 'स्कायरिम'मध्ये हातातून ज्वाळा फार देखण्या निघतात, दोन हातांत दोन मंत्र धरता येतात, ती भर मोलाची आहे आणि ती सहाव्या भागातही हवी. पण त्या ज्वाळा ६ कोटी लोकांच्या हातात एकसारख्याच निघतात.

'मग खेळाचा समतोल बिघडतो' असं म्हणतात. बिघडतो. एकट्यानं खेळायच्या खेळात त्यानं नुकसान कोणाचं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि समतोलाची एवढी काळजी असणाऱ्यांनी 'स्कायरिम'मध्ये लोहारकाम, किमया आणि एन्चांटिंग एकमेकांवर चढवून काय होतं ते एकदा करून बघावं.

तरंगण्याची मागणी याच घरातली. 'मॉरोविंड'मधल्या टेल्वानी मांत्रिकांच्या मनोऱ्यांना वरच्या मजल्यावर जायला जिना नाही. महाप्रचंड अळंबीसारखे वाढलेले ते मनोरे, आत उभी पोकळी, वर मालक बसलेला. ज्याला उडता येत नाही त्यानं आमच्याकडे येऊ नये, असा त्या लोकांचा माज. हा माज कुठल्या संवादात सांगितलेला नाही, इमारतीतच बांधून काढला आहे. हे तरंगणं 'ऑब्लिव्हियन'मध्ये गेलं, कारण शहरं वेगळी लोड होऊ लागली आणि भिंतीवरून उडून आत गेलं तर आत शहरच नसायचं. कथेत त्यासाठी उडण्यावर बंदी घालणारा कायदा जोडला गेला. 'मॉरोविंड'च्याच 'ट्रिब्युनल' या पुरवणीत मोर्नहोल्ड शहरात तरंगणं बंद होतं, तेही अशाच अडचणीपायी. २००६च्या यंत्रांसाठी हे कारण मी बिनतक्रार मान्य करते. पण त्याच बेथेस्डानं २०२३च्या 'स्टारफिल्ड'मध्ये खेळाडूच्या पाठीवर बूस्ट पॅक बांधला आणि त्याला इमारतींच्या गच्च्यांवर, कड्यांवर उड्या मारायला मोकळं सोडलं. मग जुनं तांत्रिक कारण आज पुढे करायचं कशाच्या जोरावर?

गिल्डबद्दल बोलताना मात्र मला लांबण लावायची गरज वाटत नाही, कारण इथे वस्तुस्थितीच पुरेशी बोलते. 'मॉरोविंड'च्या मेजेस गिल्डमध्ये प्रत्येक पायरीला ठरावीक गुण आणि कौशल्य लागायचं, आणि सर्वांत वरच्या पायरीला एखाद्या कौशल्यात ९०च्या घरात असावं लागायचं. 'स्कायरिम'मध्ये विंटरहोल्डच्या कॉलेजात दारातल्या फारॅल्डाला एक मंत्र करून दाखवला की प्रवेश, आणि मोजकी कामं केली की तुम्ही आर्च-मेज, भले सगळा वेळ कुऱ्हाड चालवलेली असो. त्याच माणसाला त्याच आयुष्यात कंपॅनियन्सचा म्होरक्या, चोरांच्या संघटनेचा प्रमुख आणि डार्क ब्रदरहूडचा सर्वेसर्वा होता येतं, आणि यातल्या कोणालाही त्याचं काही वाटत नाही. 'मॉरोविंड'मध्ये फायटर्स गिल्डचं काम करता करता तुम्हाला थीव्हज गिल्डच्या सॉटिल्डीकडची संकेतांची वही आणायला सांगतात, आणि तिथे तुम्हाला उमगतं की आपला वरिष्ठ आपल्याला दुसऱ्या कोणाच्या तरी भांडणात वापरतोय. ह्लालू, रेडोरान आणि टेल्वानी या तीन घराण्यांपैकी एकातच जाता येतं. एक दार उघडलं की दोन बंद. 'स्कायरिम'मध्ये साम्राज्य आणि स्टॉर्मक्लोक्स यांच्यातली निवड आहे, 'डॉनगार्ड' या पुरवणीत व्हॅम्पायर आणि त्यांचे शिकारी यांच्यातली आहे, ते मी नाकारत नाही. पण मग ही गोष्ट त्यांना जमते, आवडते आणि लोकांनाही आवडते, हेच त्यातून दिसतं. ती अपवाद का असावी?

सगळ्यांना सगळं बघायला मिळायला हवं, पैसे मोजलेत, हा त्यामागचा विचार. मी उलट म्हणेन की दुसऱ्यांदा खेळायचं कारण मिळणं हीच पैशांची भरपाई.

आता कोणत्याही पात्राला मारता यावं, या मागणीबद्दल. हा मुद्दा रक्तपिपासूंचा समजला जातो, म्हणून त्याच्यावर जरा थांबते.

'स्कायरिम'च्या रिफ्टन शहरात ग्रेलॉड नावाची बाई अनाथाश्रम चालवते आणि मुलांना छळते. तिथून पळालेला एव्हेंटस अरेटिनो हा मुलगा विंडहेल्ममध्ये तिच्या मरणासाठी काळी पूजा मांडून बसलेला असतो. तुम्ही जाऊन ग्रेलॉडला मारलंत की मुलं आनंदानं ओरडतात. त्यानंतर डार्क ब्रदरहूडच्या नजरेत तुम्ही येता, कारण ते गिऱ्हाईक त्यांचं होतं. केवढा सुंदर प्रसंग आहे! खेळाडूनं एक निर्णय घेतला, जगानं तो ऐकला आणि उत्तर दिलं.

त्याच रिफ्टनमध्ये मेव्हन ब्लॅक-ब्रायर राहते. अख्खं शहर तिच्या मुठीत, पहारेकरी तिचे, चोर तिचे, मारेकरीही तिचे. तुम्ही तिच्यावर तलवार उपसली तर ती गुडघ्यावर बसते, दम घेते आणि उठते. कितीही वेळा करा. खेळानं तिच्यावर 'आवश्यक' असा शिक्का मारला आहे. एकाच गावात दोन दुष्ट बायका, एकीबद्दल तुमचं मत विचारलं जातं, दुसरीबद्दल नाही. लोकांना मेव्हनचा जो संताप येतो तो तिच्या दुष्टपणाचा नाही. दुष्ट तर ती छानच लिहिली आहे.

'ऑब्लिव्हियन'मध्ये ही कवचकुंडलं का आली याचं कारण आहे. माणसं स्वतःच्या दिनक्रमानं गावोगाव फिरू लागली, वाटेत लांडग्यानं एखाद्याला खाल्लं तर खेळाडूच्या अपरोक्ष कथाच तुटायची. पण लांडग्यापासून संरक्षण आणि खेळाडूपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'स्कायरिम'मध्येच काही पात्रं अशी आहेत जी फक्त खेळाडूच्या हातून मरू शकतात. 'मॉरोविंड'मध्ये महत्त्वाचं पात्र मारलं की खेळ स्पष्ट कळवायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, हवं तर जुनं सेव्ह उघडा, नाहीतर या मोडक्या जगात राहा. आणि राहिलात तरी शेवटाला पोचायची एक आडवाट ठेवलेली होती. २०१०मध्ये ऑब्सिडियननं बेथेस्डाच्याच इंजिनावर 'फॉलआउट: न्यू व्हेगास' केला, त्यात मुलं आणि यस मॅन नावाचं पात्र सोडता जवळजवळ कोणालाही मारता येतं आणि कथा पुढे जाते. करता येत नाही असं नाही. करायचं म्हटलं तर लिहावं जास्त लागतं.

आता तो ६ कोटींचा आकडा. तो खरा आहे, २०२३मध्ये खुद्द हॉवर्ड यांनी सांगितलेला. पण 'स्कायरिम' खपला तो या गोष्टी काढल्यामुळे, हे कुठून आलं? तो खपला कारण त्याचं जग डोळ्यांना आणि कानांना भुरळ घालतं, कारण कुठल्याही दिशेला चालू लागलं तरी काहीतरी सापडतं. तो पीसीवर, प्रत्येक नव्या कन्सोलवर आणि स्विचवर येत राहिला, हेही कारण आहे. २०१६ची स्पेशल एडिशन, २०२१ची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन. आणि तो जिवंत राहिला मॉड करणाऱ्यांमुळे, म्हणजे खेळात स्वतः बदल करणाऱ्या चाहत्यांमुळे. त्यांनी काय काय परत आणलं बघा. थंडी-भूक-थकवा लागणारं जगणं त्यांनी आणलं, आणि २०१७मध्ये बेथेस्डानं स्वतः सर्व्हायव्हल मोड काढला. 'ऑब्लिव्हियन'मध्ये नाहीसा झालेला क्रॉसबो 'डॉनगार्ड'मध्ये कंपनीनं स्वतः परत दिला. पाचव्या भागात लोकांनी जे हातानं शिवून घेतलं तेच सहाव्यात आधीपासून द्या, एवढं सरळ गणित आहे.

'मग मॉडच टाका' हे उत्तर त्यामुळेच चालत नाही. प्लेस्टेशनवरच्या 'स्कायरिम'मध्ये बाहेरून आणलेली मॉडेल्स किंवा आवाज मॉडमध्ये घालताच येत नाहीत. पीसीवर मॉड तरंगण्याचा मंत्र देऊ शकतो, पण तरंगणाऱ्यांसाठी बांधलेलं शहर कुठून देणार? 'टॅम्रिएल रिबिल्ट' या प्रकल्पाचे स्वयंसेवक २००१पासून 'मॉरोविंड'चा उरलेला मुख्य भूभाग हातानं बांधताहेत. ज्यांनी प्रेमानं पाव शतक असं काम केलं त्यांना भावुक म्हणून निकालात काढणं मला फार कोतेपणाचं वाटतं.

'लोकांना गुंतागुंत नको' या विधानाला तर २०२३नंतर अर्थच उरलेला नाही. लॅरियनचा 'बॉल्डर्स गेट ३' आला. लढाई पाळीपाळीनं, पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडताना दिसतो, दुकानदारापासून सोबत्यापर्यंत जवळपास कोणालाही मारता येतं, मेलेल्याशी मंत्रानं बोलता येतं. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ तोच ठरला. 'मॉरोविंड'मध्ये ज्या फाशांचा राग यायचा तेच फासे इथे लाडके झाले, कारण ते लपवलेले नव्हते. आणि हा खेळ २०२०च्या ऑक्टोबरपासून जवळपास तीन वर्षं अर्धवट अवस्थेत लोकांच्या हातात होता, त्यांचं ऐकत घडत होता.

याच्या उलट बायोवेअरचं बघा. २०१४च्या 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'साठी त्यांनी 'ड्रॅगन एज कीप' उभारलं होतं, आधीच्या दोन खेळांतले तुमचे निर्णय नोंदवून पुढच्या खेळात न्यायची ती सोय. दहा वर्षांनी 'द व्हेलगार्ड' आला आणि त्यात 'इन्क्विझिशन'मधले फक्त तीन निर्णय पुढे आले. त्याआधीचं काहीच नाही. कोण राजा झाला, कोणाला वाचवलं, कोणाचा बळी दिला, सगळं पुसलं गेलं. खेळ अपेक्षेपेक्षा जवळपास ५० टक्के कमी लोकांपर्यंत पोचला, असं इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनंच सांगितलं. त्याचं हे एकमेव कारण होतं असा दावा मी करणार नाही. पण चाहत्यांनी आधीच सांगितलेली एक गोष्ट कंपनीनं फालतू मानली होती, हे नक्की.

आणि मागण्या ऐकल्या तर बेथेस्डाचंही भलंच होतं, याचा पुरावा बेथेस्डापाशीच आहे. 'फॉलआउट ४'मध्ये २०१५ साली नायकाला आवाज दिला आणि उत्तरं चार तोकड्या पर्यायांत कोंबली. लोक चिडले. 'स्टारफिल्ड'मध्ये नायक पुन्हा मुका झाला, वाक्यं पूर्ण दिसू लागली, पार्श्वभूमीनुसार वेगळी उत्तरं आली. पुढे २०२५च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड' अचानक बाजारात उतरला आणि काही दिवसांत ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. त्यात काय बदललं? लेव्हल चढवण्याची ती छळवादी पद्धत बदलली, धावण्याची सोय आली. आणि काय ठेवलं? मंत्र घडवणं, गुण, किचकट गिल्ड, सगळं ठेवलं. इतकी वर्षं चाहते जी चाळणी लावून मागत होते तीच तिथे लावलेली दिसते. ते ४० लाख काही सगळे २००६ साली सोळा वर्षांचे नव्हते.

चाहत्यांनाही मला एक सांगायचं आहे. आपल्यातही आकड्यांवर भांडणारे आहेत. कौशल्यं 'मॉरोविंड'मध्ये २७ होती, मग २१ झाली, मग १८, म्हणून खेळ तिपटीनं मूर्ख झाला, असं म्हणणारे. ही भाषा सोडा. 'स्कायरिम'नं १८ कौशल्यांच्या खाली पर्क्सची झाडं दिली, ती अनेक जागी जुन्या नुसत्या आकड्यांपेक्षा चांगली आहेत. दोन खांद्यांना दोन वेगळी कवचं असावीत असं मलाही वाटतं, पण त्यासाठी मी कोणाशी वाद घालणार नाही. भाला मागताना 'पूर्वी होता म्हणून' असं म्हणू नका. भाल्यानं शत्रूला लांब ठेवता येतं आणि लढाईचं अंतर बदलतं म्हणून मागा. प्रत्येक मागणीबरोबर तिचं कारण द्या, म्हणजे तिला स्मरणरंजन म्हणून झटकणं अवघड होईल.

आणि सहाव्या भागाची खरी माहिती येऊ लागेल तेव्हा दृश्यांनी दिपून जाऊ नका. काम देणारा माणूस वाट सांगतो का, कॉलेजचा प्रमुख व्हायला मंत्र यावा लागतो का, शहरातल्या मेव्हनला हात लावता येतो का, ते आधी विचारा. माझ्या यादीत सर्वांत वर स्वतःचा मंत्र घडवायची सोय आहे. ती नसेल तर मी हा खेळ पहिल्या दिवशी विकत घेणार नाही.